नर्मदा ओलांडताना

सातवीच्या वर्गात मराठ्यांच्या उत्तरेकडील मोहिमांचा पाठ चालला होता. मराठी फौजा नर्मदा ओलांडून गुजरातेत आणि माळव्यात उतरल्या, असे एक वाक्य मी सहज बोलून गेलो. इतिहासाच्या शिक्षकाच्या तोंडी ते इतके बसलेले असते की, त्यात कुणी काही विचारील असे त्याच्या मनातही येत नाही. पण मागच्या बाकावरून एक हात वर आला. ‘‘सर, ओलांडली म्हणजे कशावरून? तेव्हा पूल होता का?’’

वर्ग हसला. त्या मुलाचे वडील मालट्रक चालवतात. सुट्टीत तो त्यांच्याबरोबर बडोद्यापर्यंत जाऊन आला होता आणि भडोचजवळचा ‘तारांचा पूल’ त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. दीड किलोमीटरच्या आसपास रुंदीचे ते पात्र ज्याने पाहिले, त्यालाच हा प्रश्न सुचणार. नकाशावर नर्मदेची निळी रेघ खडूने ओढणाऱ्या माझ्यासारख्याला तो इतक्या वर्षांत सुचला नव्हता. ‘‘होड्या होत्या, उतार होते,’’ असे काहीतरी सांगून मी पाठ पुढे नेला खरा, परंतु ते उत्तर त्याला पुरले नाही आणि मलाही पुरले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे थोडे सविस्तर उत्तर आहे.

पलीकडचा तीर

नर्मदा ही आपल्या मनात नुसती नदी नाही, ती हद्द आहे. पूजेच्या संकल्पात आपण कोणत्या देशात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत ते सांगतो. गोदाकाठचा माणूस गोदावरीचे नाव घेतो. बडोद्यातल्या मराठी घरात मात्र नर्मदेच्या उत्तर तीराचा उच्चार करावा लागतो. कालगणनेचेही तसेच. नर्मदेच्या दक्षिणेस शालिवाहन शक आणि उत्तरेस विक्रम संवत, असा संकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. म्हणून बडोदेकर मराठी कुटुंबाला वर्षातून दोनदा नवे वर्ष लागते. चैत्रात गुढी उभारायची, आणि दिवाळीच्या पाडव्याला सकाळी दारात ‘साल मुबारक’ म्हणत आलेल्या शेजाऱ्याच्या हातावर फराळ ठेवायचा. घरात मात्र त्याच दिवशी पत्नी पतीला ओवाळते. एकाच तिथीला दोन्ही तीरांचे सण साजरे होतात.

राजकारणातही ही हद्द जुनीच. सातव्या शतकात बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीने उत्तरेच्या हर्षवर्धनाला अडवले, ते नर्मदेच्या बळावर. इसवी सन ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात त्या विजयाचा अभिमानाने उल्लेख आहे. पुढे हजार वर्षांनीही दख्खनच्या सुभेदाराला आणि दिल्लीच्या बादशहाला नर्मदा हीच मोजमापाची दोरी होती. नदीच्या अलीकडे आणि पलीकडे असा हिशेब असला, म्हणजे मधले पाणी कसे पार करायचे हा प्रश्न राज्यकर्त्यांना, व्यापाऱ्यांना आणि यात्रेकरूंना सारखाच पडतो.

होडी, उतार आणि भरती

अमरकंटकला उगम पावून सुमारे तेराशे किलोमीटर वाहत आलेली नर्मदा भडोचपाशी समुद्राच्या जवळ येते. येथे नदीवर नदीचीच सत्ता नसते, समुद्राचीही असते. भरतीचे पाणी आत शिरते, ओहोटीला वाळूचे दांडे उघडे पडतात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ या आपल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात भडोचचे, म्हणजे भरुकच्छाचे, वर्णन करून ठेवले आहे. येथली भरती इतक्या वेगाने येते की, नवख्या नाविकाचे गलबत वाळूवर चढून उलथते, असे तो सांगतो. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परकी जहाजे ओढत आत आणत. भरती असेल तेवढा वेळ चालायचे, ओहोटी लागली की ठरलेल्या जागी नांगर टाकायचा. त्या होड्यांची ‘त्रप्पग’ आणि ‘कोटिंब’ अशी नावेही त्याने नोंदवली आहेत. नदी पार करण्याची खरी विद्या त्या कोळ्यांपाशी होती. त्यांच्यापैकी कुणाचेही नाव मात्र आपल्याला माहीत नाही.

त्यानंतरच्या शतकातला एक पुरावा तर आपल्या घरचा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने धर्मशाळा बांधल्या, हे त्यात आहेच. पण त्याहून महत्त्वाची ओळ पुढे येते. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने होड्यांची विनामूल्य उतारसेवा ठेवली. पारादा म्हणजे आजची पार, दमण म्हणजे दमणगंगा, दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. नाशिक, पालघर, वलसाड, सुरत या आजच्या सीमाभागातल्याच या नद्या. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याने देवळाच्या आणि ब्राह्मणभोजनाच्या बरोबरीने नदीपार करून देणे हे पुण्यकर्म मानले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या यादीत नर्मदेचे नाव मात्र नाही.

त्या काळचा अनुभव आजही घेता येतो. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्याने नदी कोठेही ओलांडायची नसते, पुलावरूनही नाही. एका तीराने समुद्रापर्यंत जायचे आणि मुखापाशी समुद्रातूनच पलीकडे व्हायचे. दक्षिण तीरावरच्या विमलेश्वराहून होडीत बसायचे आणि उत्तर तीरावर मिठीतलाईला उतरायचे. होडी कधी सुटणार हे घड्याळ ठरवीत नाही, भरती ठरवते. महाराष्ट्रातून परिक्रमेला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आपल्या ओळखीत कुणी जाऊन आले असेल, तर त्यांना अमरकंटकाबरोबर या होडीविषयीही विचारावे. पेरिप्लसच्या लेखकाने जे लिहिले, तेच थोड्याफार फरकाने ऐकायला मिळेल.

फौजा गेल्या, माणसे राहिली

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. मराठे प्रथम नर्मदेपार गेले ते १६७५ साली. हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखालील फौजेने भडोचवर धाड घातली. पूल नव्हता. पावसाळा संपला, दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले, नद्यांचे पाणी उतरले, की भडोचच्या वरच्या अंगाला जेथे पात्र उथळ होते अशा उतारांवरून घोडी घालायची, हीच रीत होती. जेथे उतार नाही तेथे नावा जमवायच्या. म्हणजे उतार कुठे आहे, यंदा वाळू कुठे सरकली आहे, हे सांगणारा तीरावरचा माणूस सेनापतीइतकाच महत्त्वाचा.

या उतारांची किंमत १७०६ साली दिसून आली. धनाजी जाधवांच्या फौजेने राजपिपळ्याजवळ रतनपूर येथे आणि मग नर्मदेच्या ‘बाबा प्यारा’ नावाच्या उतारावर मोगलांचा जबर पराभव केला. पाठीशी नदी असलेल्या सैन्याची काय गत होते, हे गुजरातच्या सुभ्याने त्या वर्षी पाहिले.

पुढे दाभाड्यांचे सरदार पिलाजीराव गायकवाड आले. त्यांचे पहिले ठाणे सोनगड. नवापूरच्या बाजूने सुरतेकडे जाणाऱ्यांना हा किल्ला चांगला परिचयाचा आहे. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची लढाई झाली. दोन्ही बाजूंना मराठीच माणसे होती, आणि दोघेही नर्मदेच्या उत्तर तीरावर होते. त्रिंबकराव पडले. पिलाजीरावांना त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने कारभार मिळाला. १७३२ मध्ये डाकोरला त्यांचा खून झाला. १७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती आले, ते पुन्हा गेले नाही.

आपला इतिहास बहुधा येथेच थांबतो. फौज गेली, मुलूख मिळाला, चौथाई ठरली. पण फौज दरवर्षी परत येते. ठाण्यावरचा कारकून, फडणीस, किल्लेदार, देवळातला पुजारी, शिलेदाराची विधवा बहीण ही माणसे परत येत नाहीत. पावसाळ्यात नदी भरली की, सहा महिने त्यांचा देशाशी संबंध तुटायचा. बहिणीच्या बाळंतपणाची बातमी, भावाच्या मृत्यूची बातमी, सारे नदीच्या मर्जीवर. अशा माणसांना दोनच मार्ग असतात. एक तर सारखे परतीच्या वाटेकडे पाहत बसायचे, नाही तर शेजाऱ्याची भाषा शिकायची. बडोद्याच्या मराठी माणसाने दुसरा मार्ग धरला आणि आपली भाषाही सोडली नाही. बडोद्याच्या राज्यात गुजराती प्रजा आणि मराठी राजघराणे होते. दप्तर कितीतरी काळ मोडीत लिहिले गेले आणि बाजार गुजरातीत चालला.

नदीकाठच्या दत्तसंप्रदायाची एक गोष्ट या ठिकाणी सांगितली पाहिजे. सावंतवाडीजवळच्या माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबेस्वामी, १९१४ साली नर्मदेच्या काठी गरुडेश्वर येथे समाधिस्थ झाले. त्यांना गुरू मानणारे रंगअवधूत महाराज हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवळे गावच्या वळामे घराण्यातले. त्यांचा जन्म १८९८ साली गोध्र्याला झाला, आणि बडोदे जिल्ह्यात नर्मदाकाठी नारेश्वर येथे ते राहिले. १९३५ साली त्यांनी ‘दत्तबावनी’ लिहिली, ती गुजरातीत. मराठी घरातल्या मुलाने लिहिलेले ते स्तोत्र आज गुजरातेतल्या घरोघरी म्हटले जाते. अभियंत्याचा पूल होण्याच्या आधी असे पूल होतात.

सोन्याचा पूल

दगड-लोखंडाचा पूल आला तो आगगाडीबरोबर. मुंबईहून बडोद्याकडे लोहमार्ग नेणाऱ्या बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने १८६० च्या सुमारास भडोचला पहिला पूल उभारला. पायासाठी स्क्रूसारखे आटे असलेले लोखंडी खांब नदीच्या गाळात फिरवत खोल घातले होते. युक्ती हुशारीची होती. परंतु नर्मदेचा गाळ खोल आणि पूर दांडगा. पुराने या पुलाला एकामागून एक तडाखे दिले. दुरुस्ती व्हायची, पुन्हा पूर यायचा. १८७६ च्या पुरात पुलाचा बराच भाग वाहून गेला.

यातला एक योगायोग पाहण्यासारखा आहे. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. त्या वेळी भडोचला उभा होता तो हा पहिला, दुखणाईत पूल. गोपाळचे सयाजीराव झाले, त्यांचे शिक्षण सुरू झाले, आणि इकडे ७ डिसेंबर १८७७ रोजी नव्या पुलाचे काम सुरू झाले. सर जॉन हॉकशॉ हे त्याचे अभियंता. १६ मे १८८१ रोजी पूल पुरा झाला. त्याच वर्षी २८ डिसेंबरला सयाजीरावांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, सयाजी साहित्यमाला, या साऱ्या कामांसाठी महाराष्ट्रातून जी विद्वान माणसे पुढे बडोद्याला गेली, ती या पुलावरून गेली. सहा महिने तुटणारा संबंध आता एका रात्रीच्या प्रवासाचा झाला होता.

या पुलाची लांबी १,४१२ मीटर. त्याला त्या काळी सुमारे साडेपंचेचाळीस लाख रुपये लागले. आधीच्या पुलावर आणि त्याच्या दुरुस्त्यांवर झालेला खर्च वेगळाच. एवढ्या पैशात सोन्याचा पूल झाला असता, असे लोक म्हणू लागले आणि ‘गोल्डन ब्रिज’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. १९३५ साली शेजारी रेल्वेचा नवा पूल झाला. मग सोन्याचा पूल रस्त्याच्या वाहतुकीला मिळाला आणि आणखी कितीतरी दशके त्याने मोटारी आणि ट्रक वाहिले. २०२१ च्या जुलैत त्याला समांतर असा चौपदरी ‘नर्मदा मैया’ पूल सुरू झाला आणि जुन्या पुलाला वाहनांपासून सुट्टी मिळाली. एकशे चाळीस वर्षांची नोकरी!

एक काम मात्र तो अजून करतो. पूर आला की, नर्मदेची पातळी या पुलापाशी मोजतात. चोवीस फूट ही धोक्याची खूण. १९७० च्या सप्टेंबरात पाणी साडेएकेचाळीस फुटांपर्यंत चढले होते. २०२३ च्या सप्टेंबरात भडोच-अंकलेश्वरच्या लोकांना त्या पुराची पुन्हा आठवण झाली. दोन्ही वेळी पूल उभा राहिला.

तारांचा पूल

माझ्या विद्यार्थ्याने पाहिलेला पूल येथून थोडा वर, झाडेश्वरजवळ, राष्ट्रीय महामार्गावर आहे. मुंबई-दिल्ली वाहतुकीसाठी १९७७ साली तेथे सरदार पूल झाला, पुढे त्याच्या जोडीला दुसरा आला. तरीही वाहने वाढतच गेली. बडोद्याला लग्नाला निघालेली माणसे झाडेश्वरच्या रांगेत तासन्‌तास अडकून पडत आणि अक्षता पडून गेल्यावर पोचत, अशा कथा प्रत्येक घरात आहेत. ७ मार्च २०१७ रोजी तारांच्या नव्या पुलाचे उद्‌घाटन झाले आणि ती कोंडी सुटली.

मुख्य पुलाची लांबी १,३४४ मीटर. मध्ये १४४ मीटरचे आठ गाळे आणि दोन टोकांना ९६ मीटरचा एकेक. म्हणजे एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जवळजवळ दीडशे मीटर खाली काहीही टेकू नाही. खाली आहे ते फक्त पाणी. रुंदी सुमारे २१ मीटर, आणि एकूण २१६ तारा. हा पूल तारांनी तोललेला असला तरी तो झुलता पूल नाही आणि निव्वळ तारांवर टांगलेलाही नाही. हे थोडे समजून घेतले पाहिजे.

आपण मांडव घालतो तेव्हा खांबाच्या डोक्यापासून दोन्ही बाजूंना तणावे देतो. खांब उंच असला तर तणावा तिरका चढतो आणि वरचा भार चांगला उचलतो. कोलकात्याच्या १९९२ च्या विद्यासागर सेतूत किंवा मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूत असेच उंच मनोरे आहेत. गोव्यात मांडवीवर २०१९ मध्ये आणि झुआरीवर २०२२ पासून सुरू झालेले पूलही तारांचेच. भडोचच्या पुलाचे मनोरे मात्र बुटके आहेत. तारा आडव्या धावतात. आडवी तार वर उचलण्यापेक्षा दाबून धरण्याचे काम अधिक करते. मुलांना मी हे वह्यांनी दाखवतो. दहा वह्या ओळीने उभ्या लावून दोन्ही टोकांना तळहातांनी घट्ट दाबल्या, तर सगळी ओळ एका लाकडासारखी उचलता येते. हात सैल केले की मधल्या वह्या गळून पडतात. येथे तारा तो दाब देतात, आणि काँक्रीटची तुळई स्वतःही आपला भार सोसते. दोघे मिळून ओझे वाहतात. अभियंते या प्रकाराला ‘एक्स्ट्राडोज्ड’ पूल म्हणतात. नर्मदेसारख्या खोल गाळाच्या आणि भरती-ओहोटीच्या नदीत पाया घालणे हे सर्वांत अवघड आणि खर्चाचे काम. तारांमुळे गाळे लांब होतात आणि नदीत कमी खांब उभारावे लागतात. १८६० च्या अभियंत्यांची अडचण आणि आजच्या अभियंत्यांची अडचण एकच, फक्त उत्तर बदलले.

असा पूल बहुधा खांबापासून दोन्ही बाजूंना एकेक तुकडा जोडत वाढवत नेतात. एका बाजूला एक तुकडा लावला की दुसऱ्या बाजूलाही लावायचा. नाहीतर तोल जातो. कावड वाहणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही.

यानंतर दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गासाठी भडोचजवळ याच जातीचा आठपदरी पूल बांधला गेला. बुलेट ट्रेनचा मार्गही येथूनच नदी ओलांडतो. उषवदाताच्या यादीत जिचे नाव नव्हते, त्या नदीवर काही मैलांच्या अंतरात आता इतके पूल झाले आहेत. नदी मात्र पूर्वीची राहिलेली नाही. त्याच २०१७ साली वर सरदार सरोवर धरणाचे लोकार्पण झाले. त्या पाण्याखाली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली तेहेतीस गावे सापडली आहेत, हे पुलावरून वेगाने जाताना आठवावे असे मला वाटते.

बांधल्यानंतर

पुलाचा इतिहास उद्‌घाटनाच्या फितीपाशी संपत नाही. ९ जुलै २०२५ रोजी सकाळी बडोदे जिल्ह्यातच, पादरा तालुक्यात, मही नदीवरच्या गंभीरा पुलाचा दोन खांबांमधला भाग कोसळला. वाहने नदीत पडली, वीसाहून अधिक माणसे गेली. तो पूल १९८५ चा, म्हणजे चाळीस वर्षांचा. सोन्याच्या पुलाच्या वयाशी तुलना केली तर पोरसवदाच. आपल्याकडे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीचा जुना पूल पुरात गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या गेल्या. त्या रात्रीची आठवण कोकणात अजून ओली आहे. पूल रोज झिजतो. तो झिजतो कारण लोक त्याचा उपयोग करतात. आणि उपयोग करणाऱ्यांचे लक्ष पुलाकडे कधीच नसते, पलीकडच्या गावाकडे असते. त्याच्याकडे पाहण्यासाठी कुणीतरी मुद्दाम ठेवावा लागतो.

आपण सीमाभागातली माणसे हे दुसऱ्या अर्थानेही जाणतो. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १ मे १९६० रोजी त्या द्विभाषिक राज्याचे दोन भाग झाले आणि बडोदे गुजरातेत राहिले. त्याबद्दल तक्रार नाही. भूगोल पाहता तेच होणार होते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहराने चारदा भरवले: १९०९, १९२१, १९३४ आणि मग थेट २०१८ साली. पहिली तीन संमेलने पंचवीस वर्षांत झाली, आणि तिसऱ्या-चौथ्यात चौऱ्याऐंशी वर्षे गेली. तारांचा पूल झाल्यानंतरच्याच वर्षी हे चौथे संमेलन भरले. मुंबई-पुण्याचे साहित्यिक पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर पोचले असतील. पण रस्ता लहान झाला म्हणून अंतर कमी होतेच असे नाही.

एक साधे उदाहरण देतो. बडोद्याच्या शासकीय दप्तरखान्यात संस्थानच्या काळातले मोडी कागद मोठ्या संख्येने आहेत. भाषा मराठी, लिपी मोडी, पण गावांची, जातींची, मापांची, पिकांची नावे गुजराती. नुसते मराठी येणारा माणूस या कागदांत गावाच्या नावाशी अडतो. नुसते गुजराती येणारा पहिल्या ओळीशी अडतो. ते वाचायला दोन्ही भाषा घरातून आलेला माणूस हवा. असा माणूस बडोद्यात, सुरतेत, नवापुरात, डांगात आहे. बेळगाव-कारवारकडचे वाचक मराठी-कानडी कागदांविषयी हेच म्हणतील. आपल्या घरातल्या मुलाला दोन भाषा येतात, याचे आपल्याला कधी ओझे वाटते, कधी न्यूनगंड. मुलगा शाळेत एक भाषा बोलतो आणि आजीशी दुसरी, म्हणून दोन्ही कच्च्या राहतील अशी भीती पालक माझ्याकडे येऊन बोलून दाखवतात. भीती अगदीच खोटी नाही. लक्ष दिले नाही तर दोन्ही कच्च्या राहतातच. परंतु लक्ष दिले तर त्या मुलाला जे काम करता येईल, ते पुण्याच्या किंवा अहमदाबादच्या हुशार मुलाला करता येणार नाही. मोडी शिकायला एक उन्हाळ्याची सुट्टी पुरे होते, असा माझा अनुभव आहे.

बडोद्याला रस्त्यावर मिळणारी शेव-उसळ खाताना मला नेहमी गंमत वाटते. उसळ आपली, वरची शेव त्यांची, आणि आता ती धड मराठीही नाही आणि धड गुजरातीही नाही. ती बडोद्याची आहे. खाण्याच्या बाबतीत आपण हे सहज केले. कागदांच्या आणि पुस्तकांच्या बाबतीत ते मुद्दाम करावे लागणार आहे.

त्या मुलाचा प्रश्न अजून माझ्या टिपणवहीत आहे. यंदा तो पाठ शिकवताना मी फळ्यावर प्रथम नदी काढली. मग तिच्यात वाळूचे दांडे, उतार, भरतीची खूण, कोळ्याची होडी. फौज सर्वांत शेवटी काढली. पाठ संपायला दोन तास जास्त लागले, आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी अभ्यासक्रम मागे पडल्याचा शेरा दिला. तो मुलगा आता वरच्या वर्गात गेला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो पुन्हा वडिलांबरोबर बडोद्याला जाणार आहे. जाताना झाडेश्वरच्या पुलावर तारा मोजून ये, असे मी त्याला सांगितले आहे. दोनशे सोळा भरल्या नाहीत तर शाळा उघडल्यावर मला सांगेल.